टाकीला थंडी वाजते तेव्हा...



अरल्डाइट कधीच वापरलं नाही असा माणूस हॉस्टेलमध्ये सापडणं कठीण. चपलेचा तळ, टेबलफॅनचं पातं, बादलीची कडी, सबमिशनच्या आदल्या रात्री मोडलेलं प्रोजेक्टचं मॉडेल... दोन ट्यूब पिळायच्या, काडीनं घोटायच्या, चिकटवायचं आणि वर जाडजूड पुस्तकं ठेवून झोपायचं. (त्या पुस्तकांचा तेवढा तरी उपयोग!) मे महिन्यात सकाळी काम फत्ते. डिसेंबरमध्ये मात्र, विशेषतः रात्री खिडकी उघडी राहिली तर, सकाळी बघावं तो जोड अजून च्युइंगमसारखा. आपण कंपनीला चार शिव्या घालतो आणि फेव्हिक्विक आणायला बाहेर पडतो.

आता हाच प्रकार दोन लाख लिटरच्या लोखंडी टाकीच्या आत, चारही बाजूंना आणि तळाला झाला तर? तिथे फेव्हिक्विक चालत नाही. हिवाळ्याच्या सुट्टीत मी काही दिवस एका कोटिंग कॉन्ट्रॅक्टरच्या टोळीबरोबर शिकाऊ म्हणून होतो. काम कोल्हापूरजवळच्या एका कारखान्याच्या आवारात, पाण्याच्या नव्या टाकीला आतून इपॉक्सीचं अस्तर लावण्याचं. कोणाची टाकी, कोणाचा रंग हे इथे महत्त्वाचं नाही. महत्त्वाचं आहे ते हे की त्या टाकीतलं पाणी माणसं पिणार होती, आणि टाकीच्या आत माणसं काम करत होती.

पहिला प्रश्न मलाही सगळ्यांनी विचारला. कोल्हापुरात कसली आलीय थंडी? इथे काय बर्फ पडतो? मान्य. जानेवारीत आपल्याकडे रात्रीचं तापमान साधारण १४-१५ अंश, गार वारं सुटलं तर ११-१२. युरोपातला माणूस याला वसंत ऋतू म्हणेल. पण इपॉक्सीच्या अस्तराला त्याचं काही सोयरसुतक नाही. नेहमीच्या वापरातल्या बऱ्याच ग्रेडच्या डब्यावर '१० अंशांखाली लावू नये' असं लिहिलेलं असतं आणि 'पूर्ण क्युअर ७ दिवस' हा आकडा २५ अंशांच्या आसपासचा असतो. युरोपातल्या कॉन्ट्रॅक्टरला थंडी दिसते, म्हणून तो तयारीत येतो. आपल्याला ती दिसत नाही. दुपारी बारा वाजता शर्टाच्या बाह्या सरसावून काम चाललेलं असतं, मग पहाटे सहाला टाकीचा पत्रा किती गार होतो हे बघायला कोण जातं?

आधी एक खुलासा, सिव्हिलच्या मित्रांसाठी. क्युअरिंग म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर पोती आणि पाण्याचा पाइप येतो. इथलं क्युअरिंग वेगळं. इथे पाणी हा शत्रू आहे. आणि 'वाळणं' हा शब्दही इथे विसरायचा. डिस्टेंपर वाळतो, म्हणजे त्यातलं पाणी उडून जातं. इपॉक्सी वाळत नाही, तो पिकतो. त्यात रासायनिक क्रिया होते. डब्यात दोन भाग असतात. एक रेझिन, ज्याच्या रेणूच्या दोन्ही टोकांना इपॉक्साइडचं ताणलेलं त्रिकोणी कडं असतं. दुसरा हार्डनर, बहुधा अमाइन, ज्याच्या नायट्रोजनवरचे हायड्रोजन त्या कड्याला फोडून त्याच्याशी हात मिळवतात. दोन हातांचा रेझिन, चार हातांचा अमाइन. हात जुळत जुळत शेवटी सगळी टाकी व्यापणारं एकच जाळं तयार होतं. पिएर कास्ताँ नावाच्या स्विस रसायनतज्ज्ञानं १९३० च्या दशकात हे काम कवळ्या आणि दातांच्या साहित्यासाठी केलं होतं. पुढे सिबा कंपनीनं १९४६ मध्ये त्याला अरल्डाइट म्हणून बाजारात आणलं. (भारतात हा ब्रँड २०२० पासून पिडिलाइटकडे आहे, म्हणजे फेव्हिक्विक आणि अरल्डाइट आता एकाच घरातले!)

हे जाळं किती विणलं गेलं की रंग 'हाताला लागत नाही'? याचं उत्तर पॉलिमरच्या पुस्तकात आहे. फ्लोरी आणि स्टॉकमायर यांच्या गणितानुसार दोन हातांचा रेझिन आणि चार हातांचा अमाइन असेल तर सुमारे ५८ टक्के हात जुळले की मिश्रण गोठतं, म्हणजे जेल होतं. वाहणं थांबतं. पुढे थोडं घट्ट झालं की बोट लावा, बोटाला काही लागत नाही. मिस्त्री म्हणतो, 'सुकलं.' पण तेव्हा कितीतरी हात अजून मोकळेच असतात. परीक्षेत पासिंग झालं म्हणजे अभ्यास झाला असं नाही, तसंच हे. अस्तराची पाण्याला, रसायनाला टक्कर देण्याची ताकद सगळी त्या उरलेल्या हातांत आहे.

आता थंडी यात काय करते? फर्स्ट इयरला आपण अरेनियसचं समीकरण पाठ करतो आणि विसरतो. ते जरा बाहेर काढा. इपॉक्सी-अमाइन क्रियेची ॲक्टिव्हेशन एनर्जी मोलला ५५ किलोज्यूलच्या आसपास धरू. तापमान २५ वरून १३ अंशांवर आलं तर वेग किती घटतो? कॅल्क्युलेटरवर करून बघा, साधारण अडीच पट. म्हणजे सात दिवसांचं काम सतरा-अठरा दिवसांवर गेलं. इथवर गोष्ट सोपी आहे. उशीर होईल, थांबू. मेसमध्ये थंडीत दही लागत नाही, इडलीचं पीठ फुगत नाही, आचारी दुपारपर्यंत थांबतो, तसंच.

पण खरी मेख पुढे आहे, आणि ती मला तिथे गेल्यावरच नीट समजली. थंडीत इपॉक्सीला नुसता उशीर होत नाही. तो अर्ध्यावर थांबतो.

कारण असं. जाळं जसजसं विणलं जातं तसतसं ते घट्ट होतं आणि त्याचं ग्लास ट्रान्झिशन तापमान, म्हणजे ज्याच्या खाली पॉलिमर काचेसारखा ताठ होतो ते तापमान, वर चढत जातं. सुरुवातीला ते शून्याच्याही खूप खाली असतं. चढत चढत ते भोवतालच्या तापमानाला गाठतं, तेव्हा रेणूंना हलायलाच जागा उरत नाही. मोकळे हात समोरासमोर आहेत, पण एकमेकांपर्यंत पोहोचू शकत नाहीत. गर्दीच्या एस.टी.त पुढच्या दारातल्या मित्राला सीट दिसतेय, पण जाता येत नाही, तशी अवस्था. याला व्हिट्रिफिकेशन म्हणतात. प्रिन्स्टनच्या जॉन गिलहॅम यांनी वेळ, तापमान आणि रूपांतर यांचा जो नकाशा मांडला त्यात ही रेघ स्पष्ट दिसते. रेघ ओलांडल्यावर क्रिया रांगत थोडी पुढे जाते, पण ग्लास ट्रान्झिशन क्युअरिंगच्या तापमानाच्या वर साधारण दहा-वीस अंश जाऊन अडखळतं. म्हणजे १३ अंशांवर पिकलेलं अस्तर बोटाला कडक, नखानं वाजवलं तर टणटण, आणि तरी आतून कच्चं. शिवाय ताठ असल्यामुळे ते पक्कं आहे असंच सगळ्यांना वाटतं. अठरा दिवस थांबा की छत्तीस, फरक फारसा पडत नाही. त्याला ऊबच पाहिजे.

इथे एक हुशार आक्षेप निघतो, आणि तो साइटवर निघालाही. 'मार्च-एप्रिलच्या उन्हात पत्रा तापेलच की. तेव्हा राहिलेलं क्युअर होईल.' टाकी रिकामी ठेवली तर खरोखरच होईल. पण टाकी रिकामी कोण ठेवतो? आठवड्यात ती भरणार. मोकळा अमाइन पाण्याचा लोभी. पाणी फिल्ममध्ये शिरतं, अमाइन आणि अडकलेलं सॉल्व्हंट विरघळवतं, काही बाहेर पाण्यात येतं. (पिण्याच्या पाण्याला औषधासारखा वास आणि चव.) काही फिल्मच्या आतच, लोखंडाच्या अंगाला साचतं. मग ऑस्मॉसिसनं तिथे आणखी पाणी ओढलं जातं आणि अस्तराला फोड येतात, करपलेल्या हाताला यावेत तसे. एप्रिलचं ऊन पोहोचेपर्यंत नुकसान होऊन गेलेलं असतं.

आता आपल्या मिस्त्रीमामांकडे येऊ. वीस-पंचवीस वर्षं रंगाच्या कामात घालवलेला माणूस. ब्लास्टिंग झालेल्या पत्र्यावर नुसती बोटं फिरवून 'हितं अजून एक हात मारा' म्हणणारा, आणि ते बरोबर असायचं. थंडीवर त्यांचा पहिला उपाय ठरलेला होता. 'इंजिनेर, गारठा लई हाय. हार्डनर जरा जास्ती घालूया की. बिगीनं धरंल.'

हा सल्ला कुठून आला याचा मी विचार करत होतो. मामा पूर्वी शिरोलीत फौंड्रीत होते. आणि फौंड्रीत तो सल्ला शंभर टक्के बरोबर आहे! नो-बेक मोल्डिंगमध्ये वाळूत फ्युरान रेझिन आणि ॲसिड घालतात. ते ॲसिड कॅटॅलिस्ट असतं. थंडीत साचा लवकर धरत नाही म्हणून ॲसिडचा डोस वाढवायचा, उन्हाळ्यात कमी करायचा, हे शिरोली-गोकुळ शिरगावचा कुठलाही कोअर शॉपवाला सांगेल. दह्याचंही तेच, थंडीत विरजण चमचाभर जास्त लावतात. फायबर ग्लासवालेही पॉलिएस्टरमध्ये थंडीत कोबाल्टचं प्रमाण वाढवतात. या सगळ्या ठिकाणी घातलेली वस्तू क्रिया सुरू करून देणारी किंवा पळवणारी आहे. इपॉक्सीचा हार्डनर तसा नाही. तो भिंतीतली अर्धी वीट आहे. मोजून घातलेल्या चार हातांना मोजून चार कडी मिळायला हवीत. हार्डनर जास्त झाला तर कड्यांपेक्षा हात जास्त होतात, उरलेले हात कायमचे लोंबकळत राहतात. जाळं विरळ होतं आणि वर सांगितलेला तो पाण्याचा लोभी अमाइन आपणच वाढवून ठेवतो. म्हणजे कोल्हापूरच्या एका कारखान्यात जे शहाणपण आहे, तेच रस्त्यापलीकडच्या कारखान्यात नुकसान करतं. मला वाटतं, या एका गोष्टीसाठी केमिस्ट्री शिकलेला माणूस साइटवर असावा. बाकी बाबतीत मामाच आपल्याला शिकवतील.

मामांचा दुसरा पुरावा जास्त बिकट होता. सकाळी ते रंगाचा रिकामा डबा घेऊन आले. तळाशी उरलेलं मिश्रण दगड झालेलं. 'ह्ये बघा, कालचाच माल. काय पिकायचं राहिलंय ह्यात?' डबा खरंच दगड होता. पण डबा आणि भिंत यांत फरक आहे. ही क्रिया उष्णता बाहेर टाकते. डब्यात दीड-दोन किलो माल एकत्र असतो, उष्णता बाहेर पडायला वाट नाही, ती आतच साठते, क्रिया आणखी पळते. जास्त माल राहिला तर डबा हातात धरवत नाही इतका तापतो, धूरही येतो. भिंतीवर तोच माल पाव मिलिमीटर जाडीचा पसरलेला असतो आणि मागे सहा-आठ मिलिमीटरचा गार पत्रा. निघालेली सगळी ऊब पत्रा गिळतो. त्यामुळे डबा ही टाकीची साक्ष होऊ शकत नाही. रंग आधी कोमट करून घेतला तरी तेच, लावल्यावर काही मिनिटांत तो पत्र्याच्या तापमानाला येतो. (कोमट करण्याचा फायदा वेगळा. थंडीत रंग काकवीसारखा घट्ट होतो, मग पोरं थिनर ओततात आणि ते थिनर फिल्ममध्ये अडकतं. आदल्या रात्री डबे उबदार खोलीत ठेवले तर थिनरचा मोह होत नाही.)

इपॉक्सी ज्याला टेकतो त्याचं तापमान घेतो. आपल्या भागातलं इपॉक्सीचं एक मोठं काम आठवून बघा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, धरणाच्या भिंतीला वरच्या भागात आडव्या भेगा गेल्या, आणि त्या भेगांमध्ये इपॉक्सी रेझिन दाबानं भरून भिंत पुन्हा सांधली गेली. तिथेही भेगेतल्या रेझिनच्या दोन्ही अंगांना काँक्रीटच. बाहेर थर्मामीटर काय दाखवतोय याच्याशी त्या रेझिनला काय देणं-घेणं?

तेव्हा टाकीवर पहिला नियम, हवेचं तापमान विचारू नका, पत्र्याचं विचारा. त्यासाठी चुंबकाचा छोटा थर्मामीटर मिळतो, पत्र्याला चिकटवून ठेवायचा. त्यानं जे दाखवलं ते पाहून मी चाट पडलो. पहाटे हवा १४, टाकीच्या छताचा पत्रा ११. पत्रा हवेपेक्षा गार कसा? हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये डिसेंबरच्या सकाळी गाडीची सीट ओली का असते, त्याचंच हे उत्तर. निरभ्र रात्री उघड्यावरची वस्तू आपली उष्णता सरळ आकाशाकडे फेकते आणि हवेपेक्षाही गार होते. दिवसाही सगळा पत्रा सारखा नसतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे दक्षिणेची बाजू दुपारी ३० च्या पुढे, उत्तरेची वीसच्या आसपास, आणि तळाचा पत्रा वाळूच्या गादीवर बसलेला, त्याला दिवसभर ऊन माहीतच नाही. म्हणजे एकाच टाकीत तीन वेगवेगळी हवामानं. सर्वांत कच्चा तळ राहतो, आणि पाण्याचा सर्वांत जास्त भार, गाळ, सगळं तळालाच.

दुसरी गोष्ट दवबिंदूची. आर.ए.सी.च्या प्रॅक्टिकलला आपण जो स्लिंग सायक्रोमीटर गरगरा फिरवतो (आणि रीडिंग शेजारच्या बॅचकडून घेतो), तो इथे रोज लागतो. नियम असा की पत्रा दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश गरम पाहिजे. सोपा हिशेब हवा असेल तर शंभरातून सापेक्ष आर्द्रता वजा करा, पाचानं भागा, तेवढे अंश हवेच्या तापमानातून काढा. संध्याकाळी हवा २० अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर दवबिंदू साधारण १४. चार वाजता पत्रा २२ वर होता, रंग लावला, सगळं नियमात. रात्री दहाला पत्रा १५ वर आला. आता फरक एका अंशाचा. अजून जेल न झालेल्या फिल्मवर पहाटेपर्यंत दव पडणार. म्हणून थंडीत रंगाचं काम सकाळी पत्रा तापल्यावर दहाच्या पुढे सुरू करून दुपारी दोन-तीनला थांबवावं लागतं, म्हणजे रात्र पडायच्या आत फिल्मला थोडा तरी वेळ मिळतो. कॉन्ट्रॅक्टरला हे परवडत नाही, कारण मजुरी दिवसाची असते.

आमच्या टाकीत तेच झालं. पहिला हात बरा गेला, दुसरा हात सूर्य मावळेपर्यंत चालला. सकाळी उत्तरेच्या भिंतीवर आणि तळावर एक मेणचट, तेलकट थर. बोट फिरवलं की बुळबुळीत. याला अमाइन ब्लश म्हणतात. पृष्ठभागावरच्या मोकळ्या अमाइनला रेझिन भेटेपर्यंत हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओलावा भेटतात, आणि तो त्यांच्याशीच घरोबा करतो. कार्बामेट आणि कार्बोनेटचे क्षार तयार होतात. क्रिया जलद असती तर अमाइनला एवढी फुरसतच मिळाली नसती, थंडीनं ती दिली. या थरावर तिसरा हात मारला तर तो तेलावर मारल्यासारखा. काही महिन्यांत पापुद्रे. थिनरनं पुसलं तरी तो नुसता पसरतो. तो पाण्यात विरघळतो, म्हणून कोमट पाणी आणि घासणी, मग कोरडं करून सँडपेपर. ओल्या पीएच पेपरनं तपासता येतं. ब्लश असेल तर कागद अल्कली दाखवतो. दोन दिवस पोरं टाकीत घासत बसली होती.

आणि मग आली ती सूचना, जिच्यामुळे हा लेख लिहायला घेतला. रात्री शेकोटीभोवती बसलो असताना मामा म्हणाले, 'आत कोळशाची शेगडी ठिवूया. वरचं झाकण लावलं की टाकी सकाळपतोर गरम. दोन पोरं आतच झोपतील, त्यांनाबी ऊब.' एका पोरानं लगेच मान हलवली. बाहेर अकरा-बारा अंशांत पत्र्याच्या शेडमध्ये झोपण्यापेक्षा ते बरं, असं कोणालाही वाटेल.

साइट इंजिनिअरनं एका वाक्यात विषय संपवला. 'शेगडी आत गेली तर मी सगळ्यांचे गेटपास काढून घेणार.' मामा जरा नाराज झाले. कारण कोणी समजावलं नव्हतं. ते मी दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मांडायचा प्रयत्न केला, आणि इथेही मांडतो.

बंद जागेत कोळसा अपुऱ्या हवेत धुमसतो, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोरानं चिकटतो. बंद खोलीत शेगडी लावून झोपलेली माणसं सकाळी उठलीच नाहीत, अशा बातम्या थंडीत आपण वाचतोच. टाकी त्या खोलीपेक्षाही वाईट, एकच मॅनहोल आणि गुंगी आल्यावर शिडी चढता येत नाही. त्यात ताज्या रंगातून निघणारी सॉल्व्हंटची वाफ. झायलीनची वाफ हवेच्या साडेतीन पटींहून जड, ती तळाशी, म्हणजे झोपलेल्या माणसाच्या नाकाशी आणि शेगडीशी साचते. हवेत ती फक्त एक टक्का झाली तरी ठिणगीनं भडकू शकते.

बरं, कोळसा नको, गॅसचा ब्लोअर लावू, ज्याची ज्योत सरळ त्याच हवेत जळते? माणसं आत नसली तर? तरीही नाही. आता रंगाचाच हिशेब बघा. प्रोपेनच्या ज्वलनाचं समीकरण तोलून घ्या. एक किलो गॅस जळला की सुमारे तीन किलो कार्बन डायऑक्साइड आणि दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ. ब्लश व्हायला काय काय लागतं? कार्बन डायऑक्साइड आणि ओलावा! म्हणजे ब्लश टाळायला आपण ब्लशचंच साहित्य किलोनं आत सोडतो. जे माणसाला घातक तेच अस्तरालाही घातक, असा योग दर वेळी जुळून येत नाही. इथे तो आहे, त्यामुळे निदान कोणाला 'सेफ्टी की क्वालिटी' असा वाद घालता येत नाही.

मग ऊब द्यायची कशी? ज्योत बाहेर, ऊब आत. हीटरमधली जळालेली हवा वेगळ्या नळीनं बाहेर जाते आणि स्वच्छ हवा पत्र्याआडून तापून डक्टनं टाकीत येते. विजेचे हीटरही चालतात, फक्त तेही टाकीच्या बाहेर. बाहेरची १५ अंशांची, ८० टक्के आर्द्रतेची हवा अशी ३५ पर्यंत तापवली तर तिची सापेक्ष आर्द्रता २५ टक्क्यांच्या खाली येते. पाणी तेवढंच, दवबिंदूही तोच, पण पत्रा आता त्याच्या कितीतरी वर. (सायक्रोमेट्रिक चार्टवर एक आडवी रेघ. व्हायव्हामध्ये विचारतात.) गरम हवा वरून आत सोडायची आणि तळाजवळून ओढून बाहेर काढायची, म्हणजे जड वाफही निघते आणि ऊब तळापर्यंत उतरते. बाहेरून ताडपत्री आणि ग्लास वूल गुंडाळायचं, नाहीतर आपण कोल्हापूर जिल्हा तापवत बसतो. तापमान हळूहळू वाढवायचं. एकदम वाढवलं तर अडकलेलं सॉल्व्हंट बुडबुडे करून बाहेर येतं आणि फिल्मला टाचणीएवढी भोकं पडतात. पत्रा ३८ अंशांना स्थिर झाला, तर आपल्या त्याच समीकरणानं १३ अंशांच्या मानानं वेग सहा पटींहून जास्त, आणि व्हिट्रिफिकेशनची रेघही तेवढीच वर सरकते. वेळ वाचतो हा फायदा दुय्यमच म्हणायचा.

दुसरी वाट हार्डनरच बदलण्याची, तीही काम सुरू होण्याआधी. थंडीसाठी फेनाल्कामाइन नावाचे हार्डनर मिळतात. ५ अंशांच्या आसपासही ते काम करतात आणि ओलाव्याला कमी भितात. ते बनतात कशापासून? काजूच्या टरफलातल्या तेलापासून! आजरा-चंदगडच्या किंवा कोकणातल्या मुलांना विचारा, ओला काजू सोलताना ज्या चिकानं बोटांची सालं निघतात तोच. त्यातल्या कार्डेनॉलची फॉर्माल्डिहाइड आणि अमाइनशी मॅनिख क्रिया करून हा हार्डनर तयार होतो. कार्डेनॉलची लांब शेपटी पाण्याला दूर ठेवते आणि फिनॉलचा गट क्रियेला ढकलतो. आपल्या जिल्ह्यातल्या डोंगरातली वस्तू आपल्याच थंडीवर औषध निघावी, याचं मला फार कौतुक वाटलं. मात्र अर्ध्या कामात हार्डनर बदलायचा नाही, आणि पिण्याच्या पाण्याला तो विशिष्ट प्रकार चालतो असं प्रमाणपत्र असल्याशिवाय तर अजिबात नाही.

राहिला प्रश्न, पिकलं हे ओळखायचं कसं? साइटवर शेवटी हॉलिडे टेस्ट होते. (सुट्टीशी संबंध नाही, फिल्ममधल्या भोकांना हॉलिडे म्हणतात.) जाड फिल्मवर विजेचा ब्रश फिरवतात, भोक असेल तिथे ठिणगी उडते. ठिणगी उडाली नाही की सगळे हात झटकून मोकळे. पण त्या ब्रशला भोकं कळतात, कच्चेपणा कळत नाही. कच्च्या अस्तरातूनही ठिणगी जात नाही. कच्चेपणासाठी साधी साधनं आहेत. पांढरं कापड एम.ई.के.मध्ये भिजवून पन्नास वेळा घासा. रंग कापडावर उतरला किंवा फिल्म मऊ पडली तर कच्चं. शोअर डी हार्डनेस मोजा आणि तो आकडा कंपनीच्या कागदाशी ताडून बघा. सर्वांत स्वस्त म्हणजे सँडपेपर. पिकलेल्या इपॉक्सीची पिठासारखी भुकटी पडते. कच्चा इपॉक्सी कागदाच्या दातांत चिकटून बसतो, कागद गुळगुळीत होतो. आणि या चाचण्या दुपारी दक्षिणेच्या भिंतीवर घेऊ नका, तिथे सगळंच पास होतं. उत्तरेची भिंत आणि तळ धरा.

आमच्या टाकीत हीटर तीन दिवस-रात्र चालला. दर दोन तासांनी पाच ठिकाणच्या पत्र्याचं तापमान वहीत लिहायचं काम माझ्याकडे होतं, रात्रीचंही. तिसऱ्या दिवशी भिंतींवर भुकटी पडली, तळावर कागद थोडा चिकटला. साइट इंजिनिअरनं हीटर आणखी एक दिवस ठेवायला सांगितला, कॉन्ट्रॅक्टरनं डिझेलच्या बिलावरून बरीच कुरकुर केली. चौथ्या दिवशी मामा स्वतः आत उतरले, तळाच्या पत्र्यावर सँडपेपर मारला आणि मॅनहोलमधून पांढरी बोटं वर करून दाखवली. मग टाकी पाण्यानं भरली, दोन दिवस ठेवली, ते पाणी सोडून दिलं, पुन्हा भरली. दुसऱ्या पाण्याला वास नव्हता.